पांढरी गोळी

"अक्का, आ करा."

सत्तेम्मानं आ केला. मी मान वाकडी करून आत पाहिलं. वरचे दात, खालचे दात, जीभ.

"जीभ उचला."

तिनं जीभ उचलली.

"गिळली ना?"

"आता पोटात उतरून बघतीस काय?" ती म्हणाली आणि मांडीवरचं सूप सावरून पुन्हा बिडी वळायला लागली.

मी वहीत तारखेपुढं बरोबरची खूण केली. सत्तेम्मा गाजूल या नावापुढं त्या दिवशी बावन्न खुणा झाल्या. एक दिवसाआड एक, आणि एकही खाडा नाही. मला त्या पानाचा एवढा गर्व होता की बार्शीहून मामा भेटायला आले तेव्हा मी त्यांनाही ते दाखवलं होतं. मामांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि "छान, छान" म्हणून जेवायला कधी बसायचं ते विचारलं.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. समाजकार्याची पदवी घेऊन नुकतीच सोलापुरात आले होते आणि डॉ. निर्मळे यांच्या अभ्यासात घरोघरी फॉर्म भरण्याची नोकरी मला लागली होती. शहराच्या पूर्व भागात बिडी वळणाऱ्या बायका हजारोंनी आहेत. त्यांच्यापैकी कुणाला क्षय, कुणाला साखर, कुणाला दोन्ही. कुणाच्या नवऱ्याचा लूम बंद पडलेला, कुणाच्या घरात एकवेळचंच शिजतं. हे सगळं एका छपराखाली कसं नांदतं, हा सरांचा विषय. पंचावन्नच्या घरातले, ढगळ शर्टाचे, हळू बोलणारे गृहस्थ होते ते. पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, "वृषाली, दुखणी एकेकटी घरात शिरत नाहीत. एक शिरतं आणि दुसऱ्याला आतून कडी काढून देतं. आपल्याला ती कडी शोधायची आहे."

मी मान डोलावली होती. मला त्यातलं काही कळलं नव्हतं. फॉर्म चौदा पानांचा आहे आणि दिवसाला आठ फॉर्म भरले तर वाहवा होते, एवढं कळलं होतं. खोकल्याचं पान वेगळं, साखरेचं वेगळं, जेवणाचं वेगळं, घराचं वेगळं. मी भराभर विचारायची, भराभर खुणा करायची आणि पुढच्या दारात उभी राहायची. आमच्या चमूत माझ्याइतकं वेगात कुणी नव्हतं.

सत्तेम्मा माझ्या वाट्याला फॉर्मच्या पलीकडे आली ती तिच्या बदनामीमुळं. चाळिशीची बाई, अंगानं काटकुळी. नवरा कामासाठी भिवंडीला गेलेला, घरात ती आणि दहावीतली मुलगी श्रीलता. तिला क्षय झाला होता आणि तिनं दोनदा औषध अर्ध्यावर सोडलं होतं, दोन्ही वेळा चौथ्या महिन्याच्या आसपास. आरोग्य केंद्रातल्या माणसानं तिच्या कागदावर लाल शाईनं 'बेफिकीर' असं लिहून ठेवलं होतं. आता तिसऱ्यांदा आठ महिन्यांचं औषध सुरू झालं होतं. सर मला म्हणाले, "ह्या खेपेला सोडलं तर तिच्या छातीतले जंतू निगरगट्ट होतील. मग साध्या औषधानं ती वाचायची नाही. गोळ्या तू तिच्या घरी नेऊन द्यायच्या आणि डोळ्यांसमोर गिळवायच्या."

मी गेले. सत्तेम्मानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि पहिल्याच भेटीत अट घातली. "गोळ्या खाते. पण माझ्या कार्डाला धक्का लागला तर खाणार नाही. आधीच सांगूलाले."

कार्ड म्हणजे बिडी कामगाराचं कार्ड. ते लग्नानंतर तिच्या नावावर झालं होतं. त्या कार्डावर कारखान्याच्या शाखेतून पान-तंबाखू मिळायचा आणि श्रीलताची शिष्यवृत्तीही त्याच कार्डावर होती. बिड्या कमी भरल्या किंवा छाट जास्त निघाली, म्हणजे तपासणाऱ्यानं वाईट म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या वाढल्या, तर शाखेचा मॅनेजर पान द्यायचं बंद करी आणि कार्ड दुसरीच्या नावावर चढवी. तसं झालेली दोन घरं त्याच गल्लीत होती. त्या घरांतल्या मुली आता शाळेत जात नव्हत्या, आईशेजारी बसून पानं कातरत होत्या.

"शिरीला मी सूप धरू देणार नाही," सत्तेम्मा म्हणायची. "माझ्या आईनं मला सातव्या वर्षी दिलं सूप. बस झालं."

चार महिने मी एक दिवसाआड त्या घरी जात होते. गोळी गिळवायला पाच मिनिटं पुरत, पण मी तासभर बसत असे. कारण तिथं बसायला मला आवडायचं, दुसरं काय. सत्तेम्मा मला ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायला घालायची आणि मी खाते कशी यावर टीका करायची. "भाकरी मोडतीस का फाडतीस? सासरी जाऊन आमचं नाव काढशील." मग एकदा तिनं माझ्या मांडीवर दुसरं सूप ठेवलं आणि बिडी वळायला शिकवलं. भिजवलेलं पान पत्र्याच्या मापानं कातरायचं, चिमूटभर तंबाखू पसरायचा, बोटांनी गुंडाळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्याची गाठ मारायची. तिच्या बोटांत हे सगळं श्वास घ्यावा तसं व्हायचं. माझी पहिली बिडी तिनं दोन बोटांत धरून उजेडात पाहिली.

"नरसव्वा," तिनं समोरच्या दारातल्या म्हातारीला हाक मारली, "ही बघ, पाच महिन्यांची गरोदर हाय."

गल्ली हसली. नरसव्वा त्या गल्लीतली सगळ्यांत थोर. सत्तरी गाठलेली, एक डोळा अधू, पण दिवसभर दारात सूप घेऊन बसलेली. तिनं माझी बिडी मागून घेतली आणि दिवसभर कानामागं खोचून मिरवली.

सत्तेम्माचा हात सगळ्या गल्लीत नावाजलेला होता. डोळे मिटून बिडी तळहातावर घ्यायची आणि सांगायची, "हिच्यात तंबाखू कमी हाय." आम्ही उलगडून बघायचो तर खरंच कमी असायचा. मी तिच्याकडे बघत बसायची आणि मनात म्हणायची, ह्या बाईला बेफिकीर लिहिणाऱ्याला एकदा इथं आणून बसवायला हवं.

बावन्नावी खूण केली त्याच दिवशी हे घडलं. सकाळचे दहा वाजले असतील. श्रीलता शाखेत बिड्या देऊन परत आली आणि छाटेची पिशवी तिनं आईपुढं ठेवली. पिशवी चांगलीच फुगलेली होती.

"एवढी?" मी विचारलं.

"ह्या महिन्यात तिसऱ्यांदा," श्रीलता म्हणाली. मग तिनं मुठीतली एक बिडी वेगळी काढली. "आणि ही बघ आई. तपासणारा म्हणाला, हिच्यात खडा हाय. तुझी आई बिडीत खडे भरूलाली काय, म्हणाला. आणखी एकदा झालं तर मॅनेजरला सांगणार हाय."

सत्तेम्माचा हात थांबला. ती ती बिडी घ्यायला वाकली, पण मी जवळ होते. छाट उलगडून तंबाखू परत काढून घ्यायचा, हे काम मला शिकवलेलं होतंच. मी दोरा ओढला, पान उलगडलं. तंबाखूत एक गोळी होती. पांढरी, कडेनं थोडी विरघळलेली. एवढे महिने मी हाताळत होते ती गोळी मला डोळे मिटूनही ओळखू आली असती.

समोर नरसव्वानं मान खाली घातली. तेव्हाच मला कळलं की गल्लीला हे ठाऊक होतं.

"अक्का, हे काय आहे?"

"तुला दिसूलालंय की."

"किती दिवस?"

"तीन आठवडे झाले असतील."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. राग होता की अपमान, आज सांगता येणार नाही. मी म्हणाले, "तुम्ही मला तोंड उघडून दाखवत होता. मी वहीत लिहीत होते. केंद्रात लघवी लाल निघाली, म्हणजे औषध पोटात जातंय, म्हणून सगळे खूश होते."

"लाल निघणारच. लाल गोळी मी एक दिवस सोडली नाही," ती म्हणाली. "पांढरीच तेवढी गालात ठेवायची. तू वहीत डोकं घातलंस की खोकायचं, पदर तोंडाला लावायचा, गोळी हातात. हातात पान असतंच. गुंडाळलं की झालं. मग ती बिडी गटारात टाकायची."

"लाल खायची आणि पांढरी टाकायची, याच्यापेक्षा सगळी सोडलेली बरी," मी ओरडले. "त्यानंच जंतू माजतात. सरांनी तुम्हाला समजावलं होतं."

"हं."

"आणि गटारात टाकायची बिडी शाखेत कशी गेली?"

हा प्रश्न मी रागानं विचारला होता, त्यात काही शोधायचं नव्हतं. पण सत्तेम्मा उत्तर देईना. आणि तिनं उत्तर दिलं नाही म्हणून मी त्या प्रश्नाकडे नीट पाहिलं. चिमूटभर तंबाखू कमी असला तर डोळे मिटून सांगणारी ही बाई. तिच्या बोटांमधून आख्खी गोळी भरलेली बिडी सरळ कट्ट्यात, म्हणजे बिड्यांच्या जुडीत, बांधली कशी गेली?

"आईला कळत नाही," श्रीलता म्हणाली.

"शिरी, गप."

"कळत नाही तिला. बोटांना कळतच नाही काही. हात दाखव ना आई."

सत्तेम्मानं हात पाठीमागं घेतले. मी ते ओढून घेतले. चार महिने मी ते हात बघत होते, पण नेहमी चालताना. थांबलेले कधी पाहिलेच नव्हते. बोटांची टोकं कात्रीनं चिरलेली होती. काही जखमा जुन्या, काही त्याच सकाळच्या. एकीतून अजून रक्त येत होतं आणि तिला पत्ता नव्हता.

"पांढरी गोळी हात झोपवती," नरसव्वा समोरून म्हणाली. तिचा आवाज अगदी सहज होता. "तिसरा महिना लागला की टोकं झोपतात. मग गाठ सैल बसती, मग छाट वाढती. आम्ही सगळ्यांनी बघितलंय. मी माझ्या वेळी आधी लाल सोडून बघितली, फरक पडला नाही. मग पांढरी सोडली, तर हात जागा झाला."

"तुम्ही कुणी हे सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगायचं?" नरसव्वानं विचारलं. "तू खोकल्याचं विचारलंस, खोकल्याचं सांगितलं. तुझ्या कागदात बोटं कुठं होती?"

खोटं कशाला बोलू, मला त्या वेळी याचं मोल कळलं नाही. मला फक्त सरांचा चेहरा दिसत होता. सत्तेम्मानं ते ओळखलं असावं. तिनं माझा हात धरला. धरला म्हणजे किती जोरानं धरलाय, याचा तिला अंदाज येत नव्हता, हे मला आता जाणवलं.

"सरांना सांगू नको."

"अक्का..."

"सांगितलंस तर परत ती गिळायला लावतील. आठ महिने पुरे होईपर्यंत माझे हात जातील. हात गेले की कार्ड गेलं. कार्ड गेलं की ही बसली इथं सूप घेऊन. दहावीची परीक्षा चार महिन्यांवर आलीय तिची. तोवर मला निभवून ने. मग गिळते तुझ्या सगळ्या गोळ्या."

"तोवर तुमची छाती..."

"छाती माझी हाय." तिनं श्रीलताला ओढून माझ्यापुढं बसवलं. "हिच्या डोक्यावर हात ठेव. म्हण, सांगणार नाही."

आणि मी हात ठेवला. पोरीच्या डोक्याला चपचपीत तेल होतं. मी म्हणाले, "सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना सगळं सांगितलं.

आज कुणी विचारलं की तू हे का केलंस, तर माझ्याकडे चांगलं उत्तर आहे. तेव्हा मात्र काहीच नव्हतं. मी रात्रभर ठरवत होते की सांगायचं नाही, आणि सरांच्या टेबलापुढं उभी राहिले तेव्हा तोंडातून भडाभडा सगळं बाहेर पडलं. पांढरी गोळी, छाट, कार्ड, तेलानं माखलेलं डोकं. मला वाटलं होतं सर चिडतील. त्यांनी मधेच टोपण न लावता पेन खिशात ठेवलं आणि चप्पल घातली.

"चल," म्हणाले.

सत्तेम्मानं आम्हाला दोघांना दारात पाहिलं. माझ्याकडे तिनं एकदाच पाहिलं. नंतर पुन्हा पाहिलं नाही.

सर भिंतीला टेकून जमिनीवर बसले. त्यांच्या खिशावर शाईचा डाग हळूहळू पसरत होता, पण त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांनी तिला तपासलं नाही, की काही विचारलं नाही. ते नुसते तिचे हात बघत बसले. अर्धा तास, एक तास. सत्तेम्मा पण जिद्दीची. वळतच राहिली. गाठ मारताना दोऱ्याचं एक टोक ती दातात धरत होती, आणि ही गाठ दातानं मारायची नसते हे तर माझ्यासारख्या अडाण्यालाही ठाऊक होतं. तरी ते मी इतके दिवस पाहिलं नव्हतं.

"साखर आहे का?" शेवटी सरांनी विचारलं.

"शिबिरात सांगितलं होतं. गोळी हाय."

"घेता?"

"अर्धी घेते. पूर्ण घेतली की चक्कर येती."

"उपाशीपोटी घेता म्हणून येते. जेवत का नाही?"

सत्तेम्मा थोडी हसली. "साहेब, बिडी कमी भरली की पहिलं कुणाचं ताट कमी होतंय? शिरीचं करू?"

सर माझ्याकडे बघून बोलले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ती पांढरी गोळी हाताच्या शिरा मंद करते. अंगात साखर असली की जास्त करते. पोटात अन्न नसलं की आणखी जास्त. हात मंदावला की बिडी कमी, बिडी कमी की जेवण कमी, जेवण कमी की साखरेची गोळी अर्धी आणि हात आणखी मंद. बघ वृषाली. आपल्या खोकल्याच्या पानावर हात नाहीत. साखरेच्या पानावर पाय आहेत, हात नाहीत. जेवणाच्या पानावर तर माणूसच नाही." मग ते सत्तेम्माकडे वळले. "ह्या गोळीबरोबर द्यायची एक दुसरी बारकी गोळी असते. जीवनसत्त्वाची. ती पहिल्या दिवसापासून द्यायला हवी होती. ती दिली नाही, ही माझी चूक आहे. तुमची नाही."

मी आजवर अनेक डॉक्टरांबरोबर काम केलं. जमिनीवर बसून, बिडीच्या कचऱ्यात, पेशंटला "माझी चूक" म्हणणारा तो एकच. माझा त्या माणसावर त्या क्षणी जीव जडला, आणि ते जाईपर्यंत तसाच राहिला.

"ती खाल्ली की हात येतील?" सत्तेम्मानं विचारलं.

"बहुतेक येतील. लिहून देत नाही."

"कधी?"

"दोन महिने, चार महिने. पण पांढरी परत सुरू करावी लागेल. नाहीतर छाती जाईल. आणि त्या निगरगट्ट खोकल्याची लागण घरात सगळ्यांत आधी हिला होईल." त्यांनी श्रीलताकडे बोट केलं नाही, नुसतं पाहिलं.

सत्तेम्माचा चेहरा उतरला. तिनं एवढ्या गोष्टींचा विचार केला होता, हा एक केला नव्हता. पण तरी तिचा हात गोळीकडे जाईना. "आणि हात झोपलेलाच राहिला तोवर? महिन्यात कार्ड जाईल माझं."

"मी सोडते शाळा," श्रीलता म्हणाली. "परीक्षा पुढल्या वर्षी..."

"तू गप," नरसव्वा दारातून म्हणाली. ती कधी उठून आली ते कुणालाच कळलं नव्हतं. तिच्यामागं गल्लीतल्या आणखी चार-पाच जणी होत्या. "हिचं आम्ही भरतो. रोज जेवढी छाट निघेल तेवढ्या चांगल्या बिड्या आमच्या सुपातून हिच्या कट्ट्यात. शाखेत कुणाला कळतंय कुणी वळल्या ते."

"नको," सत्तेम्मा म्हणाली. "तुमचंच पुरेना झालंय."

"रंगम्माच्या वेळी आम्ही हेच म्हणालो," नरसव्वा म्हणाली. "तिचं तिला बघू दे, म्हणालो. पांढरी टाकत टाकत ती गेली, आणि आम्ही आपापल्या दारात वळत बसलो होतो. आता परत नाही बसायचं मला तसं."

रंगम्मा कोण, हे मला ठाऊक नव्हतं. मी तिचा फॉर्म भरला होता का, हेही आठवेना. सत्तेम्मानं पदर तोंडाला लावला, आणि ह्या वेळी तो गोळीसाठी नव्हता.

"मला काही ऐकू आलेलं नाही," सर म्हणाले. दुसऱ्याच्या बिड्या आपल्या कार्डावर देणं नियमात बसत नव्हतं. त्यांनी पांढरी गोळी पुढं केली. सत्तेम्मानं ती घेतली आणि गिळली. मी सवयीनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर ती म्हणाली, "तिच्या हातचं नको."

त्यानंतर जवळजवळ चार महिने सत्तेम्मा माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

मी एक दिवसाआड जात होते. ती आ करायची, जीभ उचलायची, हिशेबाप्रमाणे सगळं. पण बोलायचं असलं की श्रीलतामार्फत. "शिरी, तिला सांग, गिळली म्हणावं." "शिरी, तिला म्हण, भाकरी झाकून ठेवलीय, खायची तर खा." मी तिच्यापासून दोन हातांवर बसलेली असायची. भाकरी मात्र एकदाही चुकली नाही. मी एकदा धीर करून म्हणाले, "अक्का, माझ्यावर ओरडा तरी." तर ती श्रीलताला म्हणाली, "तुझ्या डोक्यावर हात ठेवून जी खोटं बोलली, तिला सांग, मला कामं हाईत." त्या आठवड्यात श्रीलताला साधी सर्दी झाली तर मी देवापुढं हात जोडून उभी राहिले होते. माझ्या आईला हे सांगायची सोय नव्हती.

सरांनी फॉर्ममध्ये पंधरावं पान घातलं. वर लिहिलं होतं, 'हात'. मी आधी भरलेल्या सगळ्या घरी पुन्हा गेले. ह्या वेळी दिवसाला आठ नाही, दोन फॉर्म होत होते. बाई वळत असताना शेजारी बसायचं, आधी बघायचं, मग विचारायचं. पांढरी गोळी टाकणाऱ्या बायका मला एकामागून एक सापडत गेल्या. कुणी चुलीत टाकायची, कुणी तुळशीच्या कुंडीत. त्यांतल्या तिघी तर माझ्याच वहीतल्या होत्या, बरोबरच्या खुणांच्या. मी त्या खुणा खोडल्या आणि बारकी गोळी घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

श्रीलताची परीक्षा झाली. औषधही संपत आलं. सत्तेम्मा पूर्ण साखरेची गोळी घेऊ लागली होती, कारण नरसव्वा सकाळी तिला समोर बसवून भाकरी खायला लावी. छाट कमी झाल्यासारखी वाटत होती, पण गल्लीतल्या बिड्या मिसळलेल्या असल्यामुळं कुठली कुणाची ते कुणाला सांगता येईना. मी विचारलं असतं, तर उत्तर श्रीलतामार्फत आलं असतं, म्हणून विचारलं नाही.

मग शेवटच्या थुंकीचा रिपोर्ट आला. सर तो घेऊन स्वतः आले. मी बरोबर होते. सकाळपासून माझं डोकं जड होतं, पण तो दिवस चुकवायचा नव्हता. जंतू नाहीत, असं सरांनी सांगितल्यावर गल्लीत एकच गलका झाला. कुणीतरी गूळ-शेंगदाणे वाटले. नरसव्वानं सरांच्या हातात मूठभर कोंबले.

सत्तेम्मा मात्र सुपात बघत होती. "छातीचा झाला," ती म्हणाली. "बोटांचा रिपोर्ट कुठं हाय?"

"बोटांचा रिपोर्ट नसतो," सर म्हणाले. "तो तुम्हीच सांगायचा."

"मला सांगता येत नाही. कधी कळल्यासारखं वाटतं, कधी नाही. वाटूलालंय का खरंच कळूलालंय, काय म्हायती."

मी शेवटची गोळी काढून पुढं केली, आणि पाण्याचा तांब्या. तिनं गोळी घेतली. मग, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, तांब्याही माझ्या हातातून घेतला. तो घेताना तिची बोटं माझ्या बोटांवर आली आणि तिथंच थांबली. मला वाटलं ती आता काहीतरी बोलेल, ज्याची मी चार महिने वाट पाहत होते, ते माफीचं काहीतरी.

"पोरी," ती म्हणाली, "तुझ्या अंगात ताप हाय."

"नाही हो, थोडं डोकं..."

"ताप हाय. कढत हायस तू."

गूळ-शेंगदाणे हातात तसेच धरून बायका पुढं सरकल्या. मला आधी कळलंच नाही का ते. मग सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कळलं. श्रीलतानं दोन्ही हात तोंडावर ठेवले होते.

सत्तेम्मानं तांब्या खाली ठेवला. आधी तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग एकेक बोट माझ्या कपाळावर टेकवलं, आधी अंगठा, मग त्याच्या शेजारचं, मग पुढचं, घाई न करता, जणू माझ्या कपाळाला दुसरं काही काम नव्हतं.

"चौघांना कळूलालंय," ती म्हणाली. "करंगळीला अजून नाही."

मग तिनं मांडीवरचं सूप उचलून बाजूला ठेवलं, माझं डोकं तिथं ओढून घेतलं, आणि श्रीलताला म्हणाली, "शिरी, पाण्याची पट्टी आण. आणि हिला सांग..." ती थांबली. श्रीलता वाट बघत उभी राहिली.

"राहू दे," सत्तेम्मा म्हणाली. "माझं मी सांगते."